आई-बाबांची मिळकत : फॅमिली ट्रस्ट करावा की मृत्युपत्र पुरे? (पुणे)

शमिका_सहकारनगर

दर रविवारी दादाशी व्हिडिओ कॉल झाला की घरात या विषयावरून धुसफूस होते, म्हणून इथल्या जाणकारांना विचारते आहे.

बाबा ७९, आई ७४. आम्ही तीन भावंडं. दादा कॅलिफोर्नियात, आता तिथलाच नागरिक. मी ४४, लग्न होऊन वारज्याला. धाकटी बहीण, तिला इथे छोटी म्हणते, ३८ वर्षांची आहे. तिला बौद्धिक अक्षमता आहे. स्वतःचं जेवणखाण, आंघोळ, कपड्यांच्या घड्या सगळं करते. कार्यशाळेत कागदी पिशव्या बनवते, दिवाळीत पणत्या रंगवते. पण शंभराची नोट दिल्यावर किती सुटे परत यायला हवेत हे तिला कळत नाही. ती आई-बाबांजवळ असते.

मिळकत अशी : सहकारनगरचं घर, पानशेतच्या पुरानंतर आजोबांना मिळालेल्या प्लॉटवरचं, आजोबांनी मृत्युपत्राने बाबांना दिलेलं. कोथरूडचा टू बीएचके, आई-बाबांच्या जोडनावावर, भाड्याने दिलाय. भोर तालुक्यात दीड एकर, सातबारावर अजून आजोबांचंच नाव. एफडी, म्युच्युअल फंड, आणि एका पत्र्याच्या पेटीत बजाज, किर्लोस्कर, भारत फोर्जचे जुने कागदी शेअर.

दादाचं म्हणणं, लिव्हिंग ट्रस्ट (हयातीतच करायचा ट्रस्ट) करा आणि सगळं त्यात टाका, नाहीतर प्रोबेटमध्ये, म्हणजे मृत्युपत्र कोर्टाकडून प्रमाणित करून घेण्यात, वर्षं जातील. एका वेल्थ मॅनेजरनेही फॅमिली ट्रस्टची योजना पुढे केली. फी ऐकून बाबांनी त्यांना चहा पाजला आणि वाटेला लावलं. बाबांचं मत, "मी अजून जिवंत आहे." आईचं मत कोणी विचारलेलं नाही, ती फक्त म्हणते छोटीचं काय ते आधी बघा.

नक्की काय करावं?


तिरकस_पेठी

चहा पाजला? सहकारनगरात राहायला गेलं की माणसं बदलतात ती अशी.

वाचतोय.


काळा_कोट

पुण्यातच दिवाणी वकिली करतो. लांब लिहितोय, चहा घेऊन बसा.

दादाचा सल्ला तिकडे शहाणपणाचाच आहे. कॅलिफोर्नियात माणूस गेला की त्याच्या नावावरचं घर प्रोबेट कोर्टातून जातं, वकिलाची फी कायद्यानेच टक्केवारीत ठरवून दिलेली असते आणि फाइल कोणीही बघू शकतं. ते टाळायला लोक हयातीतच घर ट्रस्टच्या नावावर करतात. पुण्यात ज्या दुखण्यावर हे औषध आहे ते दुखणंच नाही. प्रोबेटची सक्ती भारतीय उत्तराधिकार कायदा १९२५ च्या कलम २१३ मुळे होती, आणि तीही मुंबई, चेन्नई, कोलकात्यातल्या मिळकतींना किंवा तिथे केलेल्या मृत्युपत्रांना. पुण्यात केलेल्या आणि पुण्यातल्याच मिळकतीच्या मृत्युपत्राला ती कधीच नव्हती. डिसेंबर २०२५ मध्ये तर संसदेने ते कलमच काढून टाकलं. वाद दिसत असेल तर प्रोबेट जरूर घ्यावं, पण आता ते ऐच्छिक आहे.

दुसरं, खर्च. हयातीत घर ट्रस्टला द्यायचं तर भारतीय न्यास कायदा १८८२, कलम ५ प्रमाणे नोंदणी केलेला दस्त लागतो. त्यावर मुद्रांक शुल्क खरेदीखतासारखं, बाजारभावावर. पुण्यात अधिभार धरून साधारण सात टक्के. सहकारनगरच्या प्लॉटचा रेडी रेकनर, म्हणजे सरकारने ठरवलेला दर, काढा, सात टक्के करा आणि तो आकडा पुढच्या रविवारी दादाला सांगा. कॉल लवकर संपेल.

मृत्युपत्राला मुद्रांक शुल्क लागतच नाही. साध्या कागदावर, हाताने लिहिलेलंही चालतं. नोंदणी ऐच्छिक आहे, पण करा, फी अगदी किरकोळ असते.

आता तुमच्या घरातला खरा प्रश्न. तो छोटीचा आहे, दादाचा नाही. तिच्यापुरता ट्रस्ट हवाच. पण तो मृत्युपत्रातूनच निर्माण करता येतो : "माझ्या मृत्यूनंतर अमुक मिळकत अमुक विश्वस्तांकडे जावी, त्यांनी तिचं उत्पन्न आणि गरज पडल्यास मुद्दल छोटीसाठी वापरावं." बाबा असेपर्यंत सगळं बाबांचं, मनात आलं तर बदलता येतं, शुल्काचा भुर्दंड नाही. बाबांचं "मी अजून जिवंत आहे" हे वाक्य कायद्याच्या दृष्टीनेही बरोबर आहे.

आणि हो, आईचं मृत्युपत्र वेगळं करा. कोथरूडच्या फ्लॅटमधला तिचा हिस्सा बाबांच्या मृत्युपत्राने देता येत नाही. नवरा-बायकोने मिळून एकच मृत्युपत्र करायची हौस पुष्कळांना असते, मी तरी करू देत नाही. एक जण गेल्यावर दुसऱ्याला ते बदलता येतं का, यावरच पुढे भांडण जुंपतं.


व्यवहारी_माणूस

एवढा द्राविडी प्राणायाम कशाला? सगळं शमिकाताईंच्या नावावर करा, त्या बहिणीला सांभाळतीलच. घरची माणसं आहेत, ट्रस्टबिस्ट परक्यांसाठी.


काळा_कोट

@व्यवहारी_माणूस, शमिकाताई सांभाळतील याबद्दल शंका नाही. पण त्या छोटीच्या आधी गेल्या तर? हिंदू उत्तराधिकार कायदा १९५६, कलम १५ : विवाहित स्त्री मृत्युपत्र न करता गेली तर तिची मिळकत मुलं आणि नवरा यांच्याकडे जाते. (आईवडिलांकडून वारशाने आलेल्या मिळकतीला वेगळा नियम आहे, पण तोही फक्त मूलबाळ नसेल तर.) बहीण त्या यादीत नाही. म्हणजे ज्या घरात छोटी राहते त्या घराचे मालक तिचे मेहुणे आणि भाचरं होतील. भली माणसं असतीलही. भाचरांची लग्नं व्हायची आहेत.


सोसायटी_सेक्रेटरी

कोथरूडच्या फ्लॅटबद्दल माझ्या अनुभवातलं लिहितो. आमच्या सोसायटीत निम्म्या लोकांची समजूत आहे की नॉमिनेशन फॉर्म भरला म्हणजे वारसाचं काम झालं. नॉमिनी हा मालक नसतो. सहकार कायद्यात २०१९ मध्ये गृहनिर्माण संस्थांसाठी वेगळं प्रकरण आलं, त्यातलं कलम १५४ब-१३ वाचा : सभासद गेल्यावर संस्था हिस्सा वर्ग करते तो मृत्युपत्र, वारस दाखला, उत्तराधिकार प्रमाणपत्र किंवा वारसांमधला कौटुंबिक करार बघून. तोपर्यंत नॉमिनी तात्पुरता सभासद. मीटिंगला येईल, मेंटेनन्स भरेल, पण विकू शकणार नाही.

शेअरचंही तेच. शक्ती येझदानी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये सांगितलं की कंपनीच्या शेअरचा नॉमिनी वारसांना डावलून मालक होत नाही.

म्हणून नॉमिनेशन आणि मृत्युपत्र यांत एकच नाव ठेवा. फॉर्मवर मुलगा आणि मृत्युपत्रात मुलगी असं असलं की आमच्यासारख्या बिनपगारी सेक्रेटरीच्या डोक्याला ताप. दोन्ही बाजू रात्री दहाला बेल वाजवतात.


तेजूची_आई

सेक्रेटरीकाकांच्या मुद्द्यात एक भर. छोटीला प्रेमापोटी नॉमिनी करू नका. आता बँकेच्या ठेवींना चार नॉमिनी चालतात (१ नोव्हेंबर २०२५ पासून), तेव्हा लोक हौसेने चारही चौकटी भरतात. पैसे तिच्या नावाच्या खात्यात जाऊन पडतील आणि ते खातं चालवायचा अधिकार कोणालाच नसेल.

बाकी सविस्तर रात्री लिहिते.


मिल्पिटसकाकू

शमिका, तुझ्या दादाच्या बाजूने कोणीच बोलेना म्हणून मी बोलते. इथे कॅलिफोर्नियात घर घेतल्यावर पहिल्या महिन्यात ट्रस्टच्या जाहिराती पोस्टाने यायला लागतात, शेजारी विचारतात केलास का. तो काळजीनेच सांगतोय.

पण त्याला हेही सांग. भारतातल्या ट्रस्टमधून अमेरिकी नागरिकाला पैसे मिळाले की इथल्या करखात्याचा फॉर्म ३५२० भरावा लागतो. आई-बाबांकडून मृत्युपत्राने सरळ मिळालं तरी वर्षात एक लाख डॉलरच्या वर गेलं की तोच फॉर्म, कर नसला तरी. आणि त्याला छोटीच्या ट्रस्टचा विश्वस्त करून बँकेत सहीचा अधिकार दिला तर ते खातं दरवर्षी इथल्या सरकारला कळवायला लागेल. दंड जबरदस्त असतो. त्याला त्याच्या इथल्या सीपीएला (आपल्याकडच्या सीएसारखा) विचारू दे, मगच नाव घाला.

त्याच्या वाट्याचं काही विकलं तर पैसे एनआरओ खात्यातून (परदेशी राहणाऱ्यांचं इथलं रुपयातलं खातं) आर्थिक वर्षाला दहा लाख डॉलरपर्यंत बाहेर नेता येतात, त्याची चिंता नको.


कोथरूड_सीए

कराचं थोडक्यात.

भारतात वारसा कर नाही. इस्टेट ड्यूटी होती, ती १९८५ मध्ये गेली. "कर वाचवायला ट्रस्ट करा" असं कोणी म्हणालं तर कुठला कर, हे विचारा आणि त्यांचा चेहरा बघा.

ट्रस्टच्या उत्पन्नाचं असं की लाभार्थी आणि त्याचा वाटा ठरलेला असेल तर कर लाभार्थ्याच्या दराने. छोटी एकटीच लाभार्थी, वाटा शंभर टक्के, म्हणजे तिच्या स्लॅबने. कोणाला किती द्यायचं हे विश्वस्तांच्या मर्जीवर सोडलं तर सर्वांत वरचा दर. त्याला अपवाद आहेत, मृत्युपत्राने केलेला एकमेव ट्रस्ट हा त्यातलाच. १ एप्रिल २०२६ पासून नवा आयकर कायदा आला, कलमांचे आकडे बदलले, तत्त्व हेच.

घर वारशाने आलं तेव्हा कर नाही, विकताना आहे, आणि तेव्हा मूळ मालकाची किंमत धरतात. सहकारनगरचं घर जुनं असल्यामुळे १ एप्रिल २००१ चं मूल्यांकन चालेल. नोंदणीकृत व्हॅल्युअरकडून आत्ता करून ठेवा. बाबांना बांधकाम कधी, केवढं झालं ते आठवतंय तोवर.

पत्र्याच्या पेटीकडे या आठवड्यातच बघा. कागदी शेअर एप्रिल २०१९ पासून हस्तांतरित करता येत नाहीत, आधी डीमॅट लागतं. आणि सात वर्षं लागोपाठ लाभांश उचलला नसेल तर शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत, म्हणजे आयईपीएफमध्ये, गेलेले असू शकतात. परत मिळतात. बाबांच्या सहीने मिळवणं सोपं आहे, बाबांच्या वारसांनी मिळवणं म्हणजे एक पूर्णवेळ नोकरी.


भोरकर

सगळे पुण्यातल्या फ्लॅटचं बोलताय. दीड एकराचं काय? सातबारावर आजोबांचं नाव म्हणजे वारस नोंद झालेलीच नाही. बाबांनी मृत्युपत्रात "भोरची जमीन माझ्या मुलाला" लिहिलं तर गावात हसतील. आधी मृत्यूचा दाखला, वारसांची यादी, तलाठ्याकडे अर्ज, फेरफार (नावबदलाची नोंद), मंडळ अधिकाऱ्याची मंजुरी. मग वाटप. मग मृत्युपत्र.

आणि शेतजमीन ट्रस्टमध्ये टाकायचा विचारही नको. कूळकायद्याचं कलम ६३ शेतकरी नसलेल्याच्या आड येतं. ट्रस्ट काही नांगर धरत नाही.

आजोबांना मुली किती?


शमिका_सहकारनगर

सगळ्यांचे आभार, एवढं अपेक्षित नव्हतं. भोरकर, बाबांना दोन बहिणी. एक आत्या साताऱ्याला, दुसरी नागपूरला. दोघींनी फार पूर्वी सांगितलंय की आम्हाला काही नको. आजोबा १९८६ मध्ये गेले.


व्यवहारी_माणूस

मग झालं की. आत्यांनी सोडलंय. लग्नात हुंडे-मानपान झाले असतील, आता कशाला उकरून काढायचं. हल्ली कायद्याने बहिणींना भावांच्या विरुद्ध उभं केलंय, पूर्वी असं नव्हतं.


माहेरवाशीण

पूर्वी असं नव्हतं कारण पूर्वी कोणी विचारत नव्हतं. माझ्या आईनेही "मला काही नको" म्हटलं होतं, भावाच्या घरी दिवाळीला यायला मिळावं म्हणून. त्याला सोडणं म्हणत नाहीत.


काळा_कोट

भावना बाजूला ठेवून कायदा सांगतो.

तोंडी सोडल्याने काही सुटत नाही. स्थावरातला हक्क सोडायचा तर नोंदणी केलेलं हक्कसोडपत्र लागतं. आणि आत्यांचा हक्क २००५ च्या दुरुस्तीने पहिल्यांदा निर्माण झाला हाही गैरसमज आहे. आजोबांच्या स्वतःच्या वाट्यात मुलींचा हिस्सा १९५६ पासून होताच. २००५ नंतर त्या वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः सहहिस्सेदार झाल्या, आणि सर्वोच्च न्यायालयाच्या विनीता शर्मा निकालाने, ऑगस्ट २०२०, स्पष्ट झालं की ९ सप्टेंबर २००५ ला वडील हयात असण्याची गरज नाही. २० डिसेंबर २००४ पूर्वी रीतसर वाटप झालेलं असेल तरच ते जुनं वाटप टिकतं. तुमच्याकडे तर वारस नोंदही नाही.

सहकारनगरचं वेगळं. आजोबांनी मृत्युपत्राने दिलं, त्यामुळे एरवी ते बाबांचं स्वतंत्र धरलं जातं, ते हवं त्याला देऊ शकतात. पण दोन कागद तपासा : आजोबांच्या मृत्युपत्राची मूळ प्रत आणि प्लॉटच्या जमिनीची स्थिती. पूरग्रस्तांना मिळालेल्या जमिनी पुष्कळ ठिकाणी सरकारी भाडेपट्ट्याच्या होत्या. मालकी हक्कात रूपांतर झालं की नाही, प्रॉपर्टी कार्डावर काय आहे ते बघून घ्या. मृत्युपत्रात "माझ्या मालकीचा प्लॉट" लिहायचं आणि कार्डावर सरकार, असं नको.


तिरकस_पेठी

अवांतर : आमच्या वाड्यात काकांनी आपली भाड्याची खोली पुतण्याला मृत्युपत्राने दिली आहे. रीतसर, दोन साक्षीदार, डॉक्टरचा दाखला, सगळं. घरमालक हे ऐकून पहिल्यांदाच हसताना दिसले.


काळा_कोट

घरमालक बरोबर हसले. भाडेकरूचा हक्क मृत्युपत्राने देता येत नाही. भाडे नियंत्रण कायद्यात कुटुंबातला जो शेवटपर्यंत तिथे बरोबर राहत होता त्याला तो मिळतो. पुतण्या तिथे राहत होता का ते सांगा, पण नवा धागा काढून.


तेजूची_आई

रात्री लिहिते म्हटलं होतं, जरा वेळ मिळाला.

माझा मुलगा तेजू २९ वर्षांचा, ऑटिझम. आम्ही या सगळ्यातून गेलो आहोत, तर क्रमाने नाही, आठवेल तसं सांगते.

छोटी अठराच्या पुढची आहे म्हणजे कायद्याने सज्ञान. आई-बाबा तिचे पालक आपोआप उरत नाहीत, हे पुष्कळांना माहीतच नसतं. राष्ट्रीय न्यास कायदा १९९९ खाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली स्थानिक समिती असते, तिच्याकडे कायदेशीर पालकत्वासाठी अर्ज करायचा. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता या चार गटांसाठी. पालक नेमला की सहा महिन्यांत तिच्या मिळकतीची यादी आणि पुढे दरवर्षी हिशेब द्यावा लागतो. कंटाळवाणं आहे, पण त्या हिशेबामुळेच मला पुढच्या माणसाबद्दल भरवसा वाटतो. त्याच न्यासाची निरामय आरोग्य विमा योजना आहे, एक लाखापर्यंत संरक्षण, कार्ड काढून ठेवा.

बाबांची ईपीएस ९५ ची (पीएफ कार्यालयाकडून मिळणारी) पेन्शन असेल तर पूर्ण व कायमस्वरूपी अपंगत्व असलेल्या अपत्याला ती आयुष्यभर मिळण्याची तरतूद आहे. रक्कम हसण्यासारखी असते, तरी सोडू नका. दिव्यांग प्रमाणपत्र बाबा असतानाच कार्यालयात नोंदवून घ्या.

आता ट्रस्ट. शुल्क आणि कर यावर सगळे बोलले. मला त्यातलं एकच कठीण वाटतं : माणूस. शमिका, तू विश्वस्त होशील हे उघड आहे. पण छोटी सत्तरची होईल तेव्हा तू शहात्तरची, म्हणजे आज तुझी आई आहे त्याहून मोठी. तेव्हा औषधांच्या दुकानात कोण जाणार? आम्ही तीन विश्वस्त घेतले. मी, तेजूचा चुलतभाऊ जो त्याच्यापेक्षा लहान आहे, आणि घराबाहेरची एक व्यक्ती जिचा आमच्या मिळकतीत कणभर संबंध नाही. तिसरी व्यक्ती मिळवायला सगळ्यात जास्त वेळ लागला. प्रत्येकाच्या जागी पुढे कोण, तेही नावानिशी लिहिलंय.

आणि आईकडून एक वही लिहून घे. कायद्यात तिला काही स्थान नाही, पण ट्रस्टच्या दस्तापेक्षा ती जास्त उघडली जाईल. आमच्या वहीतलं सांगते : कुकरच्या शिट्टीला घाबरतो, डाळ तो कार्यशाळेत असताना शिजवायची. न्हाव्याकडे मशीन नको, कात्रीच, आणि आरशाकडे पाठ करून. चिडला की डावं मनगट चावतो, तेव्हा कोणी बोलायचं नाही, पंखा पाचवर करून बाजूला व्हायचं. गोळी केळ्यात घालून, बिस्किटात नाही, बिस्किट तो फोडून बघतो. हे विश्वस्ताला कोण सांगणार?


माहेरवाशीण

तेजूची आई, तुमचा प्रतिसाद कॉपी करून ठेवला आहे.


काळा_कोट

वरचा प्रतिसाद या धाग्यातला सर्वांत उपयोगी. त्यात दोन-तीन कलमं तेवढी जोडतो, ट्रस्टचा मजकूर करताना लागतील.

न्यास कायद्याने सगळ्या विश्वस्तांनी मिळूनच निर्णय घ्यायचा असतो, दस्तात वेगळं लिहिलं नसेल तर. दादा विश्वस्त झाला आणि हे लिहायचं राहिलं तर छोटीच्या डोळ्याच्या ऑपरेशनचा चेक कॅलिफोर्नियाची सही येईपर्यंत थांबेल. "बहुमताने" आणि "दैनंदिन खर्च कोणाही एकाच्या सहीने, अमुक रकमेपर्यंत" हे घाला.

विश्वस्ताला मेहनताना मागायचा हक्क नसतो, दस्तात दिला असेल तरच. घरच्यांना नको असतो, ठीक, पण बाहेरच्या तिसऱ्या व्यक्तीला काहीतरी द्या. फुकट काम करणारा माणूस पाच वर्षांनी फोन उचलत नाही.

छोटीनंतर उरलेलं कोणाला, हे लिहायलाच हवं. ती स्वतः मृत्युपत्र करू शकणार नाही, त्याला तशी समज लागते. आणि उरलेलं ज्याला मिळणार तोच एकटा विश्वस्त असू नये. का, ते सांगायला नको.


शमिका_सहकारनगर

काल सगळ्यांचे प्रतिसाद आईला वाचून दाखवले. वहीचं ऐकल्यावर ती उठून स्वयंपाकघरातून जुनी डायरी घेऊन आली. २०११ ची आहे, दुधाचा हिशेब आणि मागून छोटीच्या फिट्सच्या तारखा. तिने लिहायला सुरुवात केली.

दादाशी बोलले. सात टक्क्यांचा आकडा ऐकून शांत झाला. विश्वस्त व्हायची त्याची तयारी आहे, आधी सीपीएला विचारतो म्हणाला. त्याला कोथरूडमध्ये वाटा नको आहे, छोटीच्या ट्रस्टला द्या म्हणतो. आत्यांना मी स्वतः फोन केला. साताऱ्याची आत्या सही द्यायला तयार आहे. नागपूरची म्हणाली, "विचारलंस हे बरं झालं, जरा विचार करून सांगते." बाबांना ते फारसं आवडलं नाही.

आता बाबांनी एक नवीनच काढलंय. कोणीतरी सांगितलं की बक्षीसपत्राला दोनशे रुपयेच शुल्क आहे, तर सहकारनगरचं घर आत्ताच मला बक्षीस देऊन मोकळे होतो म्हणतात. करावं का?


काळा_कोट

करू नये.

दोनशे रुपयांचं खरं आहे. राहतं घर किंवा शेतजमीन नवरा-बायको, मुलं, नातवंडं, मृत मुलाची पत्नी यांना दिली तर मुद्रांक शुल्क तेवढंच, भावा-बहिणीला ही सवलत नाही. वर अधिभार किती लागतो ते निबंधक कार्यालयात विचारावं लागतं. पण शुल्क स्वस्त आहे म्हणून मिळकत द्यायची नसते. बक्षीसपत्र नोंदलं की घर तुमचं. बाबा उद्या मत बदलू शकत नाहीत, आणि छोटीच्या बाबतीत आपण पुन्हा वर लिहिलेल्या कलम १५ च्या खड्ड्यात.

ज्येष्ठ नागरिक कायदा २००७, कलम २३ खाली सांभाळण्याच्या अटीवर दिलेलं बक्षीसपत्र रद्द करता येतं, प्रांताधिकाऱ्यांच्या न्यायाधिकरणात. पण त्यासाठी ती अट दस्तात स्पष्ट लिहिलेली असावी, तोंडी अटीवर विसंबू नये. वयाच्या ऐंशीत त्या पायऱ्या चढायची वेळ का आणायची?


सोसायटी_सेक्रेटरी

साक्षीदार कोण घ्यावेत यावर कोणी लिहिलं नाही. आमच्याकडे लोक सोसायटीच्या वॉचमनची सही घेतात. तो सहा महिन्यांनी गावी.


काळा_कोट

बरोबर मुद्दा. मृत्युपत्रावर दोन साक्षीदार लागतात आणि बाबांनी सही केलेली दोघांनी बघितलेली हवी, निदान "ही सही माझी" असं बाबांनी त्यांना स्वतः सांगितलेलं हवं. "मी नंतर येऊन सही करतो, तुम्ही उरकून घ्या" असं चालत नाही. उद्या वाद झाला तर निदान एका साक्षीदाराला कोर्टात उभं राहून हे सांगावं लागतं, आणि उलटतपासणीत पहिला प्रश्न असतो की खोलीत कोण कुठे बसलं होतं, पेन कोणाचं होतं. म्हणून बाबांपेक्षा वयाने बरेच लहान, पुण्यात टिकून राहणारे आणि ज्यांना मिळकतीतलं काही मिळणार नाही असे दोघे घ्या. आत काय लिहिलंय ते त्यांना वाचायला द्यायची गरज नाही. बाबांच्या नेहमीच्या डॉक्टरांकडून त्याच दिवसाचा दाखला घ्या, की विचार करून निर्णय घेण्याच्या स्थितीत आहेत. डॉक्टरच साक्षीदार झाले तर उत्तम.

एक्झिक्युटर, म्हणजे मृत्युपत्राची अंमलबजावणी करणारी व्यक्ती, म्हणून शमिकाताईंचं नाव घाला, दादाचं नाही. बँकांचे आणि निबंधक कार्यालयाचे हेलपाटे पुण्यातल्या माणसालाच घालावे लागतात. आणि बाबांनी तुम्हाला दिलेलं कुलमुखत्यारपत्र असेल तर ते त्यांच्या मृत्यूबरोबर संपतं, नंतर त्यावर एक चेकही काढू नका.


शमिका_सहकारनगर

शेवटची शंका, बाबांचीच. मृत्युपत्र रजिस्टर केलं की मग बदलता येणार नाही, म्हणून ते नोंदणीला तयार नाहीत. आणि गुडघ्यांमुळे कार्यालयात जाऊन रांगेत बसणं त्यांना जमणार नाही.


काळा_कोट

कितीही वेळा बदलता येतं. शेवटचं मृत्युपत्र खरं, मग आधीचं नोंदवलेलं आणि नंतरचं साधं असलं तरी. फक्त नव्यात "यापूर्वीची सर्व मृत्युपत्रे रद्द" ही ओळ, तारीख आणि पुन्हा नव्याने दोन साक्षीदार हवेत. छोटासाच बदल असेल तर पुरवणी मृत्युपत्र करता येतं, त्यालाही हेच नियम.

गुडघ्यांसाठी : आजारपणामुळे किंवा अपंगत्वामुळे येणं शक्य नसेल तर दुय्यम निबंधकांना घरी बोलावता येतं, नोंदणी कायद्यात तशी सोय आहे. डॉक्टरांचा दाखला जोडून हवेलीच्या ज्या कार्यालयात नोंदणी करणार तिथे लेखी अर्ज द्या. आई-बाबांची दोन्ही मृत्युपत्रं एकाच फेरीत होतील असं बघा, आणि आधार-पॅनवरची नावं दस्तातल्या नावांशी आदल्या दिवशीच ताडून घ्या.


तिरकस_पेठी

निबंधक घरी येणार म्हणजे पुन्हा चहा आला.